फेवर-ल्यूबा: झाकण उघडल्यावर दिसतो तो इतिहास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कपाटात आजोबांचं 'सी चीफ' घड्याळ सापडलं, तबकडीवर 'फेवर-ल्यूबा, जिनेव्हा' लिहिलंय. ही कंपनी खरी जुनी स्विस, की मुंबईतच कुणी नाव छापून विकत होतं? आता ती टाटांची झाली म्हणतात ते खरं का? आणि घड्याळ रंगवून, पॉलिश करून नवंकोरं करावं का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण लोक तेच काम आधी उरकून येतात आणि मग विचारतात. तबकडीला कुणालाही हात लावू देऊ नका. डाग पडलेत, कडेला पिवळी झालीय, काही बिघडत नाही. का, ते पुढे येईल.

मी चौतीस वर्षं पुण्यात घड्याळ दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय. या काळात माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त गेली ती एचएमटी, आणि तिच्या खालोखाल बहुधा फेवर-ल्यूबा. रोमर, सँडोझ, वेस्ट एंड, टिटोनी, कॅमी ही बाकीची मंडळी तिच्या मागे. गिऱ्हाईक 'फेवरलुबा' म्हणतं, कुणी 'फेवल्यूबा', आणि एक आजी तर 'फेवरलोभा' म्हणायच्या. फ्रेंच उच्चार 'फाव्र'च्या जवळ जातो, पुढचा 'लेउबा' आपल्या लिपीत नीट बसत नाही. म्हणून मीही दुकानातलाच उच्चार ठेवतो.

कंपनी खरी आहे आणि जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या पश्चिमेला, फ्रान्सच्या हद्दीलगत जुरा डोंगरात ले लोक्ल नावाचं गाव आहे. हजारभर मीटर उंचीवर, हिवाळा लांबलचक. शेती बंद पडली की लोक खिडकीशी बसून घड्याळाचे सुटे भाग घासायचे. घड्याळाचा धंदा तिथे असा घराघरांतून वाढला. या गावातल्या 1737 च्या नोंदीत अब्राहम फाव्र या माणसाचा घड्याळजी म्हणून उल्लेख आहे. कंपनी आपला जन्म तिथूनच मोजते. ब्लाँपँ ही दुसरी स्विस कंपनी 1735 चा दाखला देते, म्हणून फेवर-ल्यूबा दुसऱ्या क्रमांकाचं जुनं नाव ठरतं. हे थोडं सावधपणे घ्यावं. एका माणसाचा कागदावर उल्लेख असणं वेगळं आणि कंपनी असणं वेगळं. पुढे 1792 मध्ये फाव्र आणि मुलगे अशी पेढी निघाली, तिथून धंदा म्हणण्यासारखा आहे. 'फाव्र' या आडनावाचा मूळ अर्थ लोहार, त्यामुळे त्या भागात फाव्र पुष्कळ. झेनिथ ही कंपनी 1865 मध्ये त्याच गावात काढणारेही फाव्रच, जॉर्ज फाव्र-जाको. लोक दोन्हींची गल्लत करतात. गांधीजींचं खिशातलं घड्याळ झेनिथचं होतं. 2009 मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या चष्म्यासोबत लिलावात निघालं, ते तेच.

आता 'ल्यूबा'. 1815 मध्ये आँरी-ऑग्युस्त फाव्र यांनी ऑग्युस्त लेउबा यांच्याशी भागीदारी केली. लेउबा हे घड्याळांचे व्यापारी. म्हणजे एका बाजूला घडवणारा, दुसऱ्या बाजूला विकणारा. या कंपनीचं पुढचं दीडशे वर्षांचं यश मला तरी या दुसऱ्या नावात दिसतं. त्यांनी घड्याळं चांगली केलीच, पण दूरच्या बाजारात नेऊन विकणं त्यांना शेजाऱ्यांपेक्षा जास्त जमलं.

आणि ती मुंबईत आली. फ्रिट्झ फाव्र यांनी 1860 च्या दशकात हिंदुस्थानात पाय रोवले. वेळ बघा काय साधली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस बंद, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळलेल्या आणि मुंबईत पैसा धो धो येत होता. स्विस घड्याळवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच होती, ते युद्धात अडकलं. मुंबई-ठाणे गाडी 1853 ला सुरू झाली होती. गाडी आली की मिनिटाला किंमत येते, आणि मिनिटाला किंमत आली की खिशात घड्याळ येतं. त्यात मुंबईची स्वतःची वेळ होती. 1906 ला देशाला एक प्रमाणवेळ मिळाली तरी मुंबई 39 मिनिटं मागेच राहिली, आणि महापालिकेनं ही 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत सोडली नाही. स्टेशनावर एक वेळ, गावात दुसरी. अशा शहरात घड्याळ विकायला फार बोलावं लागत नसणार.

तुमच्या शंकेचं मूळही इथंच आहे. जुन्या खिशातल्या घड्याळांवर 'फेवर-ल्यूबा अँड कंपनी, बॉम्बे, कलकत्ता' असं छापलेलं सापडतं. पेढी इथं होती, घड्याळ तिथून यायचं. त्यामुळे 'मुंबईची कंपनी' हा समज अगदीच निराधार नाही. आपल्याकडच्या तीन पिढ्यांना स्विस घड्याळ म्हटलं की हेच नाव आठवायचं. लग्नात जावयाला, निवृत्तीला सायबाला, बारावी पास झाल्यावर मुलाला. माझ्याकडे येणाऱ्या दर तीनातल्या एका फेवर-ल्यूबाच्या मागच्या झाकणावर कुणाचं तरी नाव आणि तारीख कोरलेली असते.

पण खरा माल 1950 नंतरचा, आणि तुमचं सी चीफही त्याच काळातलं. तोवर बऱ्याच कंपन्या बाहेरून मशीन, म्हणजे आतली यंत्रणा, विकत घेऊन आपल्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीत, बसवायच्या. 1955 च्या सुमारास फेवर-ल्यूबानं स्वतःची मशीन काढायला सुरुवात केली. त्यांतली 251 नंबरची आणि त्याच घराण्यातली 253 ही आमच्या कारागिरांची लाडकी. का, ते सांगतो.

चावीच्या घड्याळात ताकद असते ती एका गुंडाळलेल्या पोलादी पट्टीत. तिला आम्ही मेनस्प्रिंग म्हणतो आणि ती ज्या डबीत बसते ते बॅरल. चावी पूर्ण दिली की पट्टी ताणलेली, जोर जास्त. उतरत गेली की जोर कमी. म्हणून साधं घड्याळ सकाळी एका चालीनं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या चालीनं पळतं. फेवर-ल्यूबानं 251 मध्ये एका जाड बॅरलऐवजी दोन लहान बॅरलं शेजारी-शेजारी बसवली. ओझं दोघांवर वाटलं गेलं, जोर जास्त सारखा राहिला, चावी दीड दिवसाऐवजी पन्नासेक तास पुरायला लागली. आणि दोन्ही पातळ असल्यानं अख्खं मशीन 2.95 मिलीमीटर जाडीत बसलं. तीन मिलीमीटरच्या आत, सेकंदकाट्यासकट! आज संगणकावर आखून यंत्रावर कापतात, तेव्हा हे हातानं आखलेलं होतं.

मी शिकाऊ असताना पहिल्यांदा असं मशीन उघडलं तो दिवस लक्षात आहे. दोन बॅरलं दिसली आणि मी उस्तादांना म्हटलं, कुणीतरी एक जादा घातलंय. ते काही बोलले नाहीत. एक पट्टी तुटलेली होती. मी खणातून रुंदीला बरोबर बसेल अशी एचएमटीची पट्टी काढली, कापली, बसवली. जाडी मोजलीच नाही. घड्याळ चालू झालं, चांगलं जोरात चालू झालं. संध्याकाळपर्यंत ते कितीतरी मिनिटं पुढे गेलेलं. कानाला लावलं तर टिकटिकीच्या मध्ये एक जादा टक्. जोर इतका झाला होता की बॅलन्स चाक, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक, पूर्ण फिरून त्याला ढकलणाऱ्या काट्याला मागून ठोकत होतं. उस्तादांनी घड्याळ माझ्या पुढ्यात ठेवलं आणि चहाला गेले. ती रात्र मी बरोबर जाडीची पट्टी शोधण्यात घालवली. तेव्हापासून दोन बॅरलांचं मशीन आलं की आधी मायक्रोमीटर, मग चिमटा.

याच दोन बॅरलांच्या कल्पनेवर त्यांनी पुढे ऑटोमॅटिकही (हात हलला की आपोआप चावी बसणारं) काढलं, 'ड्युओमॅटिक'. सी चीफ, सी किंग ही नावं मात्र बहुतेक चावीच्या घड्याळांना लागलेली असतात. 'सी' म्हणजे समुद्र खरा, पण ही काही पाणबुड्यांची घड्याळं नव्हेत. पाणी आत जाऊ नये इतपत बंदोबस्त, तोही नवं असताना. तुम्ही ते घालून बेसिनवर भांडीसुद्धा घासू नका.

पाण्यासाठी त्यांची वेगळी घड्याळं होती आणि डोंगरासाठीही. मला विचाराल तर या कंपनीची सगळी हुशारी त्या दोन घड्याळांत आहे. 1962 चं 'बिव्हुआक' हे उंची दाखवणारं पहिलं यांत्रिक मनगटी घड्याळ. आत हवा काढून घेतलेली धातूची एक छोटी डबी असते. तुम्ही वर चढलात की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि डबी केसाएवढी फुगते. ते फुगणं तरफा आणि दातेरी चाकांनी वाढवून एका जादा काट्याला देतात. पायथ्याशी माहीत असलेल्या उंचीवर कडं फिरवून जुळवायचं आणि चढायला लागायचं. काट्याच्या एका फेऱ्यात 3000 मीटर. कळसूबाईची उंची 1646, म्हणजे सह्याद्रीत फिरणाऱ्याला अर्ध्याहून थोडा जास्त फेरा पुरे. वॉल्टर बोनात्ती आणि मिशेल व्हॉशे या गिर्यारोहकांनी 1964 मध्ये आल्प्समधल्या ग्राँद जोरास शिखराची उत्तर बाजू एका नव्या वाटेनं चढली, तेव्हा बोनात्तींच्या हातात बिव्हुआक होतं, हे कंपनी अजून सांगते. 1975 मध्ये एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या महिला जुंको ताबेई यांचं नावही या घड्याळाशी जोडलेलं आहे.

1968 मध्ये त्यांनी हेच डोकं उलटं वापरलं. 'बाथी' हे पाण्याची खोली दाखवणारं घड्याळ. मागच्या झाकणाला मुद्दाम भोकं, त्यातून पाणी आत येतं आणि एका पातळ पडद्याला दाबतं. पडदा जितका दबेल तितका खोलीचा काटा सरकतो, 50 मीटरपर्यंत. सगळं जग घड्याळात पाणी शिरू नये म्हणून धडपडतंय आणि हे लोक झाकणाला भोकं पाडून पाणी बोलावताहेत. आयुष्यात मी दोनच बाथी पाहिली. दोन्हींच्या पडद्यामागे मीठ साचून दगड झालेला. समुद्रातून बाहेर आल्यावर गोड्या पाण्यात धुवायची असतात, हे त्यांच्या मालकांना कुणी सांगितलेलं नसावं.

एवढं करून कंपनी बुडाली कशी? दोन धक्के. एक आपल्याकडचा, एक तिकडचा.

आपल्याकडे 1957-58 च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर परदेशी मालाची दारं बंद होत गेली. बेंगळुरूला एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं 1961 पासून घड्याळं काढायला सुरुवात केली. स्विस घड्याळाची हौस मात्र कमी झाली नाही. माल धक्क्यावरून चोरून यायला लागला आणि त्या काळच्या कितीतरी 'फेवर-ल्यूबां'ना बिल नाही की गॅरंटी कार्ड नाही. तुमच्याकडेही कागद नसतील तर त्यावरून घड्याळ खोटं ठरवू नका.

तिकडचा धक्का सगळ्यांना माहीत आहे. 1969 च्या नाताळात जपानच्या सेकोनं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, घड्याळ बाजारात आणलं. स्विस घड्याळधंद्यात 1970 ला नव्वद हजारांच्या घरात कामगार होते, 80 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते तिसऱ्या हिश्श्यावर आले. फेवर-ल्यूबानं 60 च्या दशकाअखेरीस झॅगेर-लेकुल्त्र या दुसऱ्या स्विस कंपनीशी हातमिळवणी करून पाहिली, पण पुरलं नाही. आठ पिढ्या चालवलेली कंपनी फाव्र कुटुंबाला 1985 मध्ये विकावी लागली. नंतरची पंचवीस-सव्वीस वर्षं नाव या हातातून त्या हातात जात राहिलं. त्या काळात नाव छापून निघालेली काही क्वार्ट्झ घड्याळं माझ्याकडे आलीत. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

नोव्हेंबर 2011 मध्ये टायटननं हे नाव सुमारे 20 लाख युरोंना घेतलं. टायटन टाटांची, म्हणून 'टाटांची झाली' हे तेव्हा खरं होतं. आम्हा कारागिरांना यात वेगळीच गंमत वाटली. आपल्याकडे चावीच्या घड्याळाला घरी बसवलं ते टायटनच्याच क्वार्ट्झनं. 80 च्या दशकाअखेरपासून आमच्या टेबलावरचं काम निम्म्यावर आलं ते त्यांच्यामुळे, आणि त्यांनीच पुढे चावीच्या घड्याळाचं सगळ्यात आठवणीतलं नाव विकत घेतलं. काम मात्र त्यांनी मनापासून केलं. 2017 ला 9000 मीटरपर्यंत उंची दाखवणारं 'बिव्हुआक 9000' काढलं, म्हणजे एव्हरेस्टची 8848 मीटर पार करून वर काटा शिल्लक. पण खप जमला नाही असं दिसतं, आणि 2023 मध्ये नाव पुन्हा विकलं गेलं. आता ते सिल्व्हरसिटी ब्रँड्स या स्विस कंपनीकडे आहे आणि तिच्यामागे आपल्याकडची महागड्या घड्याळांची दुकानं चालवणारी इथोस. ऑगस्ट 2024 मध्ये जिनेव्हात 'चीफ', 'डीप ब्लू', 'सी स्काय' अशी जुनीच नावं घेऊन नवी घड्याळं आली. म्हणजे आजच्या तारखेला टाटांची नाही, पण भारतीय पैशाची आहे.

आता तुमचं घड्याळ. परदेशातल्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे, आणि तो कौतुकाचा नाही. इथं जुन्या घड्याळांच्या तबकड्या खरवडून, भडक रंग मारून, वर नाव छापून 'नवी' करतात. केस एका घड्याळाची, मशीन दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे. ऑनलाइन बाजारात फेवर-ल्यूबा म्हणून मिळणाऱ्या मालात असली भेळ पुष्कळ असते. तकतकीत निळी-केशरी तबकडी दिसली की मी झाकण उघडायच्या आधीच हसतो. हे करणाऱ्यांना मी शिव्या घालत नाही. हात त्यांचाही तयार असतो आणि गिऱ्हाईकच 'चमकवून द्या' म्हणतं. पण त्या चमकीत घड्याळाची ओळख पुसली जाते. तुम्हाला सुरुवातीलाच तबकडीला हात लावू देऊ नका म्हटलं ते यासाठी.

खरी तबकडी भिंगाखाली अशी दिसते: अक्षरं बारीक पण कडा कापल्यासारख्या स्वच्छ, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या बरोबर समोर. आकड्यांच्या जागी बसवलेल्या पट्ट्यांच्या बुडाशी रंग साचलेला नसतो. खाली 6 च्या दोन्ही बाजूंना काठाशी 'स्विस मेड' असतं. रंगवणारे ते बऱ्याचदा विसरतात, नाहीतर इतकं मोठं काढतात की दुकानाची पाटी वाटावी. रंग मारलेला असेल तर तारखेच्या खिडकीच्या आतल्या कडेला त्याचा थर दिसतो. तिथं ब्रश पोचतो, पण पुसायला कुणी जात नाही.

मग झाकण. स्वयंपाकघरातल्या सुरीनं उघडू नका. असली वाकडी झालेली झाकणं माझ्याकडे डबाभर पडली आहेत. एखाद्या जुन्या कारागिराकडे जा, समोर बसा, उघडायला सांगा. पुलावर, म्हणजे मशीनवरच्या धातूच्या पट्टीवर, 'फेवर-ल्यूबा' कोरलेलं आणि बॅलन्सच्या आसपास मशीनचा नंबर. तो 251 किंवा 253 निघाला, तर ती दोन बॅरलं स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा एवढंच सांगा: मशीन पूर्ण सुटं करून धुवायचं, नुसता तेलाचा थेंब टाकून परत करायचं नाही, आणि स्प्रिंग बदलायची झाली तर जुनी मला द्यायची. केसवर चट्टे असतील तर असू द्या. पॉलिशच्या चाकावर कडा गोल झाल्या की परत येत नाहीत.

चालू झालं की रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या. अडकल्यासारखं वाटलं की तिथं थांबा, एक पेचही पुढे नको. झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईनं खरवडलेले बारीक आकडे दिसले तर पुसू नका. ते आमच्यापैकी कुणीतरी दुरुस्तीच्या वेळी घातलेली तारीख असते. तीन-चार असतील, तर आजोबांनी घड्याळ किती वर्षं हातातून काढलं नाही, तेही कळेल.